मतं मागायला गेलेली वहिनी

आमच्या वहिनीइतकी सभ्य बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि खरं सांगते, पुन्हा बघायची इच्छाही नाही. चुकून खुर्चीला धक्का लागला तर ही बाई खुर्चीला सॉरी म्हणणार. भाजीवाल्यानं पिशवीत सडका टोमॅटो घातला तर म्हणणार, "असू दे गं, त्याच्या लक्षात आलं नसेल." चष्म्याच्या दुकानात ती कामाला आहे, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. गिऱ्हाईक चष्म्यावर बसून दांडी मोडतं आणि वर हिच्यावर डाफरतं, तरी ही त्याच्या कानामागे बोट लावून हळूच विचारते, "इथे टोचतंय का? आता?" मी तिची नणंद. हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायचा पगार मिळतो, म्हणून घरी आल्यावर मी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही. आमच्या दोघींचं भांडण मात्र कधी झालं नाही. मी कंबर कसून तयार असायचे, समोरून काही यायचंच नाही.

माझा दादा बस डेपोत मेकॅनिक होता आणि तिथल्या संघटनेचा सेक्रेटरी. संप चालू होता. एका सकाळी चार माणसं घरी आली, साध्या कपड्यातली. दादा दाढी करत होता, एका गालाला साबण तसाच. अशा वेळी बायका ओरडतात, दार अडवतात, शेजार गोळा करतात. आमच्या वहिनीनं काय केलं? त्यांना पाणी दिलं. ट्रेमधून! दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं, एवढंच तिला ठाऊक. चौघंही पाणी प्यायले. मग त्यांच्या म्होरक्याला ती म्हणाली, "ह्यांना सर्दीचा त्रास आहे हो, स्वेटर तेवढा घेऊ दे." त्यानं घेऊ दिला. "तासाभरात सोडतो, ताई," असं म्हणाला. आणि ही त्याला थँक्यू म्हणाली.

दादा परत आला नाही. त्या आठवड्यात डेपोतून आणखी पाच जण उचलले, त्यातलाही कुणी आला नाही. पोलीस म्हणाले, आम्ही कुणाला हातच लावलेला नाही. लष्कराच्या छावणीवाले म्हणाले, आमचा काय संबंध. कोर्टानं तारखा दिल्या आणि शेवटी वाटाण्याच्या अक्षता लावल्या. पण डेपोच्या मागे छावणीचं एक मोकळं मैदान आहे. त्या आठवड्यात तिथे ट्रक जात होते, नंतर अचानक नवी माती आली आणि गवत लावलं. छावणीला गवताची एवढी हौस कधी आली? आम्हाला सगळ्यांना माहीत होतं तिथे काय आहे. पण जमीन लष्कराची, आत पाऊल टाकलं तर गोळी घालतील. आई वाट बघत बघत गेली. आणि वहिनीला लोकांनी काय म्हणावं, तेच कुणाला कळेना. नवरा आहे म्हणावं तर कुठे आहे, नाही म्हणावं तर कोण म्हणणार? ती म्हणायची, "एकदा बघू दे मला. कसेही असू देत. बघितलं की मी रडेन." इतक्या वर्षांत ती रडली नव्हती. खात्री झाल्याशिवाय रडणं तिला बरं वाटेना.

मग एक दिवस, गायब झालेल्या माणसांसाठी लढणाऱ्या एका संस्थेच्या मॅडम घरी आल्या. केस बारीक कापलेले, खांद्याला मोठी थैली, बोलणं तुटक पण स्पष्ट. त्यांनी समजावून सांगितलं. परदेशात एक मोठी परिषद असते. तिथे देशांचे प्रतिनिधी बसतात आणि कुठल्या सरकारनं आपल्या माणसांचा छळ केला यावर ठराव आणतात, बटण दाबून मतं देतात. या वर्षी आपल्या देशावर ठराव येतोय. तो पास झाला तर चौकशीचं पथक येणार, आणि त्या पथकाला ते मैदान खणायचा अधिकार असणार. सरकारला नाही म्हणता येणार नाही, कारण त्याच कागदावर परदेशातून मिळायचं मोठं कर्ज अडकलेलं आहे. "आणि नाही पास झाला तर?" मी विचारलं. "तर मैदान त्यांचं," मॅडम म्हणाल्या. प्रतिनिधींना भेटायला घरातलं कुणीतरी हवं होतं. मी लगेच म्हटलं, मी येते, मला बोलता येतं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि अंमळ ओशाळून म्हणाल्या, "बहीण चालते हो. पण बायको जास्त चालते."

गेलो आम्ही दोघी. वहिनी एकटी जाईना, आणि तिला एकटीला पाठवायची मॅडमचीही छाती होईना. राहायला एक वसतिगृह होतं, दोन खाटा, मधे एवढीशी फट, खिडकीखाली गरम पाण्याचा पाइप रात्रंदिवस कुरकुरायचा. तिथे दुभाषे काका होते. आपली भाषा बोलणारे, तिकडेच म्हातारे झालेले, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. त्यांनी आणि मॅडमनी वहिनीला शिकवायला घेतलं. प्रतिनिधी लोक कॉरिडॉरमध्ये दोन मिनिटं उभे राहतात, तेवढ्यात सगळं सांगायचं. वहिनीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अर्धा तास लागला, आणि त्यातली दहा मिनिटं दादाला कुठली भाजी आवडत नाही यावर. काका बिचारे ऐकत बसले. मॅडम म्हणाल्या, "हे काढू. ते पाण्याचं तर नक्कीच काढू."

"का? मी दिलं होतं पाणी," वहिनी म्हणाली.

"दिलं असेल. पण ऐकणाऱ्याला वाटतं, पाणी देण्यासारखी माणसं होती म्हणजे तेवढी वाईट नसतील. स्वेटर ठेवा. स्वेटर चांगला आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या भावाचा स्वेटर आता यांना चांगला वाटायला लागला! पण वहिनी मान डोलावत म्हणाली, "त्यांना अनुभव आहे गं. आपल्याला काय कळतं?" आणि तिनं दोन मिनिटांचं पाठ केलं. शिंकसुद्धा ठरलेल्या जागी, इतकं पाठ.

दुसऱ्या दिवशीपासून कॉरिडॉर. जाडा गालिचा, त्यावरून कुणी कितीही घाईनं गेलं तरी आवाज नाही. गळ्यात फितीला लटकवलेली ओळखपत्रं, आणि समोरच्याच्या तोंडाआधी तिकडेच बघायची सगळ्यांना खोड. ओळखपत्रावर मोठा देश असला की हसू मोठं. मॅडमच्या हातात देशांच्या नावांचा तक्ता असायचा. हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. कुंपणावरच्यांच्या मागे आम्ही धावायचो. वहिनी उभी राहायची, दोन मिनिटं बोलायची, काका भाषांतर करायचे, स्वेटर यायचा, समोरचा माणूस छातीला हात लावायचा. "तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत." एक जण सहभागी होता होता घड्याळ बघत होता. एका देशाच्या बाईंनी वहिनीचे दोन्ही हात हातात घेतले, डोळ्यात पाणी आणलं आणि मग मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की आमच्या माणसाला अमुक समितीवर घ्यायचं तुमच्या बाजूचे देश मान्य करत असतील तर बघू. दुसऱ्या एकाला आमच्या सरकारकडून स्वस्तात गहू मिळत होता. तो सरळ म्हणाला, "गहू महत्त्वाचा आहे." मला तोच बरा वाटला. निदान छातीला हात लावला नाही.

आणि ठरावाचे शब्द! एका अख्ख्या दुपारी बंद खोलीत कशावर वाद झाला असेल? मूळ मसुद्यात होतं, सरकारनं गायब केलेल्या व्यक्ती. कुंपणावरच्या दोन देशांना ते झोंबलं. त्यांनी घासाघीस करून केलं, आढळून न येणाऱ्या व्यक्ती. मॅडमनी पडतं घेतलं, कारण त्याशिवाय ती दोन मतं मिळेनात. काकांनी वहिनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हे स्वतःच कुठे विसरून राहिले, छत्रीसारखे?" मग लगेच म्हणाली, "चालेल. खणू दिलं म्हणजे झालं. काय म्हणायचं ते म्हणू देत." प्रत्येकाला ती जाताना म्हणायची, "एवढा वेळ दिलात, फार उपकार झाले." मी ओठ चावून उभी. नुसतं उभं राहण्याचे उपकार?

हिशेब बरोबरीवर येऊन अडला होता. तितकेच इकडे, तितकेच तिकडे, आणि बरोबरी झाली तर ठराव पडतो, असा तिथला नियम. इथे घोडं पेंड खात होतं. एकच माणूस राहिला होता, एका लहानशा बेटाचा प्रतिनिधी. वयस्कर, थकलेला, कोटाची बाही झिजलेली. त्यांच्या कार्यालयात ते आणि एक टायपिस्ट, एवढंच. कॉरिडॉरमध्ये त्यांना कुणी थांबवायचं नाही, म्हणून आम्ही त्यांच्या कार्यालयातच गेलो. वहिनीनं बोलायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. "साहेब, तुमचा चष्मा डाव्या बाजूला खाली आलाय. डोकं दुखत असेल ना तुमचं?" काकांनी भाषांतर केलं. साहेब चकित. तिनं त्यांचा चष्मा मागून घेतला, काकांच्या खिशातली किल्ली घेऊन स्क्रू बसवला, दांडी अंगठ्यानं वाकवली आणि त्यांच्या कानामागे बोट लावून विचारलं, "इथे टोचतंय? आता?"

माणूस खुर्चीत बसला. मग हळूहळू बोलायला लागला. त्यांच्या बेटावरही एकदा तसले दिवस आले होते, बहिणीचा नवरा असाच नेला होता. त्यांच्या राजधानीकडून या ठरावाबद्दल काहीच सूचना आलेली नव्हती. एवढ्या लहान देशाला कोण विचारतो? सूचना आली तर तसं वागावं लागेल, पण सूचना नसेल तर बटण त्यांच्या मर्जीचं. "मी हो दाबीन," ते म्हणाले. "फक्त कुणाला कळू देऊ नका. कुणी विचारलं नाही तर कुणी सांगणार नाही."

बाहेर आल्यावर मॅडमनी वहिनीचे खांदे धरले. "हे नाव तोंडातून काढायचं नाही. आपल्या बाजूच्या देशांनासुद्धा नाही. कळलं?" वहिनी म्हणाली, "कुणाला सांगणार मी? इथे माझं कोण आहे?" त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं, माझा दादा घरी येणार. कसाही येऊ दे, पण येणार. मी न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडले. वहिनी तेव्हाही रडली नाही. "आधी बघू दे," म्हणाली.

मतदानाच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी तिथल्या कँटीनमध्ये गेलो. मॅडम आणि काका कुणाच्या तरी मागे पळत होते. वहिनीला टेबल धरायला बसवून मी चहाच्या रांगेत उभी राहिले. रांग लांब, पुढे एक जण दुधाचे सतरा प्रकार विचारत होता. मागे वळून बघते तर आमच्या टेबलाशी आमच्याच देशाचे राजदूत! गुळगुळीत दाढी, गोल चेहरा, खुर्ची ओढून बसलेले. मी ट्रे तिथेच टाकला आणि निघाले, पण तोवर काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

काय झालं ते वहिनीनंच मला शब्दाशब्दानं सांगितलं. त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "ताई, जेवलात का? इथलं जेवण घशाखाली उतरत नाही हो." एवढ्या दिवसांत काका सोडले तर आपल्या भाषेत जेवलात का विचारणारं कुणी नव्हतं. ठराव, दादा, सरकार, एक शब्द काढला नाही त्यांनी. म्हणाले, "आपली भूमिका वेगळी असेल, ती असो. पण परक्या मुलखात आपल्या बाईमाणसाला कुणी तोडून बोललं तर मला राहवत नाही. नीट वागले ना सगळे तुमच्याशी?"

आणि आमची वहिनी म्हणाली, "हो हो, सगळे फार चांगले आहेत. ते बेटाचे साहेब तर देवमाणूस. मला म्हणाले, काळजी करू नका."

बस. मताचा म सुद्धा काढला नाही तिनं. मी पोचले तेव्हा राजदूत उठत होते. मला नमस्कार करून म्हणाले, "ताईंना जपा," आणि शांतपणे निघून गेले. दारातून बाहेर पडता पडता खिशातून फोन काढला, तेवढा मी पाहिला.

"वहिनी, काय केलंस हे!" मी ओरडलेच. आजूबाजूच्यांनी वळून बघितलं.

"अगं, त्यांनी विचारलं. कुणी आपल्याशी चांगलं वागलं तर सांगायचं नाही का?" आणि मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा असा झाला की माझी पुढची शिवी घशातच राहिली.

लपवायचं तिच्या मनातही आलं नाही. उठली, मॅडमना शोधून काढलं आणि सगळं सांगितलं. मॅडम भिंतीला टेकून खाली गालिच्यावरच बसल्या. मग उठून चार ठिकाणी फोन केले, बेटाच्या साहेबांच्या दारावर दोनदा जाऊन आल्या. टायपिस्ट म्हणाला, साहेब राजधानीशी बोलतायत. मॅडम वहिनीवर चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "राजदूतांना फोन कुठल्या देशाला करायचा तेवढंच माहीत नव्हतं." चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान त्यांच्याशी भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह. आम्हाला मागे वर बसवलं होतं, कानाला यंत्र लावून. खाली देशांच्या पाट्या. बेटाची पाटी होती, पाण्याचा पेला होता, खुर्चीत कुणी नव्हतं. मॅडम पुटपुटल्या, "कॉफीला गेले." तिथे याला असंच म्हणतात. ज्याला हो म्हणायची बंदी झाली आणि नाही म्हणायची लाज वाटते, तो मतदानाच्या वेळी कॉफीला जातो. भिंतीवरच्या फळ्यावर दिवे लागले, हिरवे, तांबडे, पिवळे. वहिनी माझा हात घट्ट धरून फक्त त्या एका पाटीकडे बघत होती. "येतील," ती म्हणत होती. "म्हातारं माणूस आहे, चालायला वेळ लागतो." दिवे थांबले. बरोबरी. कानातल्या यंत्रातून कुणीतरी थंड आवाजात काहीतरी म्हटलं आणि काकांनी सांगितलं, "पडला." खाली आमच्या राजदूतांभोवती लोक हात मिळवायला उभे राहिले. अख्ख्या मतदानाला गिऱ्हाइकाला चष्मा दाखवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

कोट घ्यायला गेलो तर बेटाचे साहेब तिथे उभे. पळून गेले नव्हते, एवढं मान्य करते. म्हणाले, आमच्या सरकारला नवं बंदर मिळणार आहे, तुमचं सरकार बांधून देतंय, काल संध्याकाळी ठरलं. म्हणाले, माफ करा. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी काकांना म्हणाली, "त्यांना विचारा, माझ्यामुळे त्यांची नोकरी तर नाही ना जाणार?" काकांनी विचारलं. म्हातारा ढसाढसा रडला. मला त्याच्या रडण्याचा असा संताप आला! जिनं रडायला पाहिजे होतं ती डोळे कोरडे ठेवून त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

घरी आलो. मॅडम विमानतळावर म्हणाल्या होत्या, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू. पुढच्या वर्षी दुसराच देश निघाला, तिथली माणसं आमच्यापेक्षा जास्त मेली होती. मॅडमचे फोन हळूहळू कमी झाले आणि मग काखा वर. त्यांना तरी किती दोष देऊ? पण देते. मी सगळ्यांना देते, माझ्याकडे भरपूर आहे.

डेपोतल्या बाकीच्या पाच घरांनाही कळलं. वहिनीनंच सांगितलं, घरोघरी जाऊन. एका ड्रायव्हरची बायको दारातच म्हणाली, "तुझ्या सभ्यपणात आमची माणसं पुरलीस गं तू." मी तिच्या अंगावर धावून जाणार होते. वहिनी म्हणाली, "हो. तसंच झालं." आणि परत येताना वाटेत मला समजावत होती की ती बाई वाईट नाही, तिचा मुलगा आजारी असतो.

मग मैदानावर यंत्रं आली. नागरिकांसाठी वाहनतळ आणि बाजूला छोटी बाग. आता छावणीला नागरिकांची दया आली! कुंपणाला हिरवं कापड लावलं, आत ट्रकमागून ट्रक काँक्रीट ओतत होते. वहिनी दुकानातून येताना वाट वाकडी करून कुंपणाशी उभी राहायची. कापडाला एक भोक होतं, त्यातून बघायची. काय बघत होती देव जाणे. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "कुठून सुरुवात करतायत, ते."

उद्घाटनाला कोण यावं? तेच, आमचे राजदूत. आता ते परदेशातून बढती घेऊन मंत्री होऊन आले होते. वहिनी म्हणाली, "मला जायचंय." मी म्हटलं, कशाला, टाळ्या वाजवायला? पण गेलो. नवीकोरी करडी फरशी, कुंड्या, रंगीत पताका, कॅमेरे. ते फीत कापून गर्दीतून फिरायला लागले आणि माझा बांध फुटला. "माझा भाऊ कुठे आहे? सांग, माझा भाऊ कुठे आहे!" शिपायांनी दंड धरून मला मागे ओढलं. कॅमेरे वळले. मंत्र्यांनी ते बघितलं आणि हात वर केला. "सोडा, सोडा. आपल्याच आहेत त्या." आणि हसत आमच्याकडे आले. "ताई! कशा आहात?"

वहिनीनं नमस्कार केला. तिचा आवाज नेहमीचाच, गिऱ्हाइकाशी बोलायचा.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. तिकडे आमच्या ठरावाला उत्तर द्यायचं होतं, तेव्हा तुम्हाला सगळी माहिती घ्यावी लागली असेल ना? म्हणून विचारते. आपण उभे आहोत ही जागा चालेल ना? का जरा बाजूला होऊ या? आमचे हे पायाखाली यायला नकोत, एवढंच."

त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी गोड बोलायला उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. त्यांनी खाली बघितलं, स्वतःच्या बुटांकडे. आणि पाय उचलून एक पाऊल डावीकडे, कुंडीच्या पलीकडे सरकले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या क्षणी त्यांना भान आलं, मान झटकून म्हणाले, "मला काय माहीत असणार, ताई?" पण ते परत पहिल्या जागी आले नाहीत.

वहिनी त्या रिकाम्या फरशीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी, इतक्या वर्षांचं. मग तिनं माझा दंड धरला आणि मलाही तिथून बाजूला घेतलं.